तिसरीतली मुलगी हुशार आहे, पण वाचताना अडखळते आणि ‘पुस्तक’चं ‘पुतस्क’ लिहिते. घरी काय करावं?

एकच शब्द दहा-दहा वेळा लिहून घेणं बंद करा आणि रोज 15 मिनिटं आवाज सुटे करून लिहिण्याचा सराव घ्या. अशा मुलांना बहुधा शब्दातले आवाज वेगळे ओळखून अक्षरांशी जोडणं जड जातं. बुद्धीचा त्यात काही दोष नसतो. ‘पुस्तक’ मोठ्याने म्हणायचं, प्रत्येक आवाजाला एक बोट उघडायचं (पु, स्, त, क) आणि आवाज म्हणत म्हणतच लिहायचं. एका दिवशी एकाच जोडाक्षराचे पाच शब्द पुरेत: मस्त, शिस्त, रस्ता, वस्तू, पुस्तक. दुसऱ्या दिवशी त्यातलेच दोन परत विचारा. ऱ्हस्व वेलांटीला मात्र जास्त वेळ द्या. कागदावर ती अक्षराच्या डावीकडे बसते, ऐकू येते नंतर. म्हणून ‘किरण’चं ‘करिण’ होतं. इतिहास-विज्ञानाचे धडे तुम्हीच वाचून दाखवा, वाचनापायी तिचं बाकीचं शिकणं अडायला नको. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. तीन-चार महिन्यांत फरक दिसला नाही, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनासारख्या गोष्टी जड जाण्याची) चाचणी तज्ज्ञांकडून करून घ्या. अधिकृत प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.