दम्याचा पंप आणि महिन्याचा खर्च : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा असते : पंप परवडत नाही. डॉक्टर लिहून देतात, पहिला पंप घेतला जातो आणि दुसऱ्या महिन्यापासून ओढाताण सुरू होते. म्हणून या वेळी फक्त पैशांबद्दल बोलू. इथलं वाचून औषधात काहीही बदल करायचा तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. विचारायला मात्र लाजू नका. ‘डॉक्टर, हे मला झेपत नाही’ असं तोंडावर सांगणारा पेशंट मला हवा असतो. जो सांगत नाही, तो गुपचूप औषध बंद करतो आणि मग थेट रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत भेटतो.

मिस्टरांना सकाळी दोन आणि रात्री दोन पफ सांगितले आहेत. पंप महिनाभरच पुरतो. तो लांबवण्यासाठी ते एक दिवसाआड घेतात. म्हणतात, ‘त्रास नाही तर रोज कशाला?’ असं चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

नाही ताई, चालणार नाही. त्रास नाही, तो पंपामुळेच नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. रोजच्या पंपातलं स्टेरॉईड ती सूज दाबून ठेवतं. औषधात खंड पडला की सूज हळूहळू परत चढते, आणि ती चढताना माणसाला काही कळत नाही. पहिला पाऊस, भिंतींची ओल किंवा साधी सर्दी एवढं निमित्त पुरतं. मग एका ॲडमिशनचं बिल वर्षभराच्या पंपांपेक्षा मोठं येतं. असे हिशेब मी इतक्या घरांत पाहिले आहेत की याबाबतीत मला गप्प बसवत नाही.

पण तुमची अडचण खरी आहे, तेव्हा मार्गही सांगतो. पहिली गोष्ट, किंमत डब्याची पाहू नका, दिवसाची काढा. समजा, १२० पफांचा पंप ४२० रुपयांना आहे. म्हणजे पफ पडला साडेतीन रुपयांना आणि दिवसाचे चार पफ चौदा रुपयांना. शेजारी त्याच औषधाच्या, यंत्रात घालून ओढायच्या ३० कॅप्सूलची बाटली २४० रुपयांना दिसते आणि स्वस्त वाटते. पण दिवसाला दोन कॅप्सूल लागत असतील तर ती पंधरा दिवसांत संपते, आणि दिवसाचा खर्च सोळा रुपये होतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या कंपनीचे आकडे घालून हाच हिशेब करा. कधी पंप स्वस्त पडेल, कधी कॅप्सूल.

दुसरं, चिठ्ठीवरची ताकद बघा. बऱ्याच औषधांत जास्त ताकदीचा पंप कमी ताकदीच्या पंपाच्या दुप्पट किमतीचा नसतो. १०० ताकदीचे दोन पफ चालू असतील तर त्याऐवजी २०० चा एक चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मिश्र औषध असेल तर उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, कारण दुसऱ्या घटकाचं प्रमाण त्याने बदलतं. म्हणून हे स्वतःच्या मनाने करू नका.

तिसरी बचत सगळ्यात मोठी, आणि तीच फार कमी लोक मागतात. दोन-तीन महिने दमा पूर्ण काबूत राहिला, म्हणजे रात्रीचा खोकला नाही, जिना चढताना धाप नाही, धाप लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपाची गरज नाही, तर डॉक्टर डोस एक पायरी खाली आणू शकतात. एक दिवसाआड घेणाऱ्याला हे कधीच मिळत नाही, कारण त्याचा दमा तेवढा सलग काबूत राहतच नाही. मिस्टरांना तीन महिने नियमाने घ्यायला सांगा आणि मग डॉक्टरांकडे जाऊन विचारा, ‘आता कमी करता येईल का?’

मला फक्त निळा पंप लागतो. स्वस्त आहे, लगेच आराम पडतो. डॉक्टर दुसरा महागडा पंप सुरू करायला सांगतात, तो टाळला तर काय बिघडेल? निळा साधारण महिन्याला एक संपतो.
— एक रिक्षाचालक, पिंपरी

दादा, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला काळजीत टाकणारं आहे. साल्ब्युटामॉलच्या त्या पंपात २०० पफ असतात. महिन्याला एक म्हणजे रोज सहा-सात पफ. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप संपले तरी मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो. वर्षाला बारा संपणाऱ्यांमध्ये दम्याने जीव जाण्याचा धोकाही वाढलेला दिसतो. तुम्ही त्या बारामध्ये आहात.

निळा पंप नळी तेवढ्यापुरती सैल करतो, सुजेला हातही लावत नाही. म्हणूनच जगभरातले दम्याचे डॉक्टर ज्या ‘जिना’ मार्गदर्शक सूचना पाळतात, त्यांत २०१९ पासून मोठ्या माणसांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये असं सांगितलं आहे. त्यातच तुमच्या खिशालाही सोयीचा एक रस्ता आहे. ब्युडेसोनाईड हे सूज दाबणारं स्टेरॉईड आणि फॉर्मोटेरॉल हे नळी सैल करणारं औषध, या दोन्हींचा एकच मिश्र पंप रोजच्यासाठीही वापरता येतो आणि धाप लागली तर त्या वेळीही. फॉर्मोटेरॉल लगेच काम करतं म्हणून हे जमतं. सौम्य दमा असलेल्या काहींना तो फक्त गरजेपुरता घेऊनही भागतं. दोन पंपांऐवजी एकच घ्यावा लागतो. डॉक्टरांना नेमकं हेच विचारा, आणि या आठवड्यातच जा.

तोवर एक लक्षात ठेवा. निळा पंप मारूनही आराम पडत नसेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पैशाचा विचार न करता सरळ दवाखाना गाठा.

जनऔषधीतला पंप घ्यावा का? नेहमीचा मेडिकलवाला म्हणतो, ‘त्यात दम नसतो.’
— एक वाचक, लातूर

घ्यावा. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांतली औषधं ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त असतात, आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच दुकानात येते. पंपाच्या बाबतीत एक भान मात्र ठेवावं लागतं. गोळी बदलली तरी गिळायची पद्धत तीच राहते. पंप बदलला की ओढायची पद्धत बदलू शकते. दाबायच्या पंपातून श्वास हळू आणि खोल घ्यायचा असतो, कॅप्सूलच्या यंत्रातून जोरात आणि झटकन. एका कंपनीची कॅप्सूल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात नीट फुटेलच असंही नाही. त्यामुळे चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, ताकद आणि पंप की कॅप्सूल, हे तिन्ही लिहून घ्या. नवं यंत्र हातात आलं की डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा. ‘दम नसतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांना माझ्यासमोर ओढायला सांगितलं की बहुतेकदा चूक ओढण्यात सापडते.

केंद्रावर जाण्याआधी ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर पाहा किंवा फोन करा, कारण पंपाचा साठा सगळीकडे नेहमी असतोच असं नाही.

ब्रँडचाच घ्यायचा असला तरी काही गोष्टी माहीत हव्यात. साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाईड, ब्युडेसोनाईड-फॉर्मोटेरॉल आणि टायोट्रोपियम ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणून त्यांच्या यादीतल्या ताकदींना सरकारने कमाल किंमत ठरवून दिली आहे. ती ‘फार्मा सही दाम’ ॲपवर दिसते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. तीन औषधांचे नवे मिश्र पंप याच गटातले. तुम्हाला तसा पंप लिहून दिला असेल, तर यादीतल्या औषधावर भागेल का, हे विचारणं पूर्णपणे रास्त आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुनी किंमत छापलेला डबा मिळाला तरी पैसे नव्या दरानेच लागायला हवेत. आणि छापील किमतीच्या खाली विकायला दुकानदाराला कोणतीही आडकाठी नाही, तेव्हा दर महिन्याचं गिऱ्हाईक म्हणून सवलत मागा.

गावातले डॉक्टर दम्याच्या गोळ्या देतात. दहा-वीस रुपयांत आठवडा निघतो. शहरातल्या डॉक्टरांनी पंप दिला. पंपाची सवय लागते म्हणतात. गोळ्याच चालू ठेवल्या तर?
— एक आजोबा, सातारा जिल्हा

आजोबा, आधी सवयीचं सांगतो. पंपाची सवय लागत नाही. दमा हा पुष्कळ वर्षं सोबत राहणारा आजार आहे, म्हणून औषध पुष्कळ वर्षं लागतं, एवढंच.

आता गोळी आणि पंपाचं माप बघा. पंपाच्या एका पफात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असतं. गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची. एक गोळी चाळीस पफांइतकी झाली! ती पोटातून रक्तात जाते, सगळ्या अंगात फिरते, आणि छातीच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि आरामाला अर्धा तास लागतो. पंप काही मिनिटांत काम करतो. दम्याच्याच थिओफायलिन नावाच्या गोळ्यांचं आणखी एक दुखणं आहे. त्यांचा उपयोगी डोस आणि त्रासदायक डोस यांत फार अंतर नसतं, आणि मधेच काही अँटिबायोटिक सुरू झालं तर रक्तातलं प्रमाण एकदम वाढू शकतं.

बिननावाच्या ‘दम्याच्या पुडी’च्या वाटेला तर जाऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. आठवड्यात बरं वाटतं. पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

पैशासाठी तुम्ही एक करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत. चिठ्ठी घेऊन तिथे जा आणि पंप मागा. साठा नसेल तर कधी येईल ते विचारून ठेवा, आणि तोवर जनऔषधीतून घ्या. मुलगा कारखान्यात असेल आणि त्याच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही तिथल्या दवाखान्यातून औषध मिळतं. उत्पन्नाची अट असते, ती त्याला कार्यालयात विचारायला सांगा.

मुलगा चार वर्षांचा आहे, बाळदमा सांगितलाय. घरी नेब्युलायझर घ्या असं नातेवाईक म्हणतात. इतका खर्च करावा का?
— एक आई, नाशिक

बहुतेक मुलांना गरज नसते. साध्या अटॅकमध्ये स्पेसर लावून दिलेला पंप नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. औषध आधी तिच्यात भरतं आणि मूल आपल्या नेहमीच्या श्वासाने ते घेतं. तो नसेल तर लहान मुलाच्या पंपातलं बरंचसं औषध घशालाच चिकटतं. म्हणजे तुमचे निम्म्याहून जास्त पैसे तिथेच जातात. मोठ्यांनाही मी हेच सांगतो : एकदाच घ्यायचा स्पेसर ही दम्यातली सगळ्यात फायद्याची खरेदी आहे.

तोही परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी मुलांवर हे तपासून १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक गरम तारेने पाडायचं, पंप त्यात घट्ट बसवायचा आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात द्यायचं. एक पफ, पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा पफ. भोकाभोवती फट राहू देऊ नका. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. पुसली की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. पहिली बाटली डॉक्टरांना दाखवून घ्या.

पंपात किती उरलंय हे पाण्यात तरंगवून पाहू नका, त्यातून काही कळत नाही. आकडा दाखवणारा पंप मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा. आणि पंप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. आईला रोजचा पंप लागतो. इथल्या किमती ऐकून धसका घेतलाय.
— एक वाचक, न्यू जर्सी

भारतातूनच आणा. स्वतःसाठी साधारण ९० दिवसांचा साठा सोबत आणता येतो. मूळ डब्यातच ठेवा, सोबत इंग्रजीत मूळ नावांसह चिठ्ठी ठेवा, आणि सगळं हातातल्या बॅगेत असू द्या. पुढच्या तीन महिन्यांचं औषध कागदपत्रांसह मागवता येतं, पण ती जुळवाजुळव त्या निघण्याआधीच करा. पाहुण्यांच्या विम्यात आधीपासूनच्या आजाराची रोजची औषधं बहुधा बसत नाहीत.

तिथे घ्यायची वेळ आलीच, तर साल्ब्युटामॉल ‘अल्ब्युटेरॉल’ म्हणून मागा. ब्युडेसोनाईड-फॉर्मोटेरॉलचं जेनेरिकही तिथे २०२३ पासून मिळतं. बोरिंगर इंगेलहाइम आणि ॲस्ट्राझेनेका या औषध कंपन्यांनी जून २०२४ पासून, तर जीएसके ने जानेवारी २०२५ पासून आपल्या पंपांचा खिशातून जाणारा खर्च महिन्याला ३५ डॉलरवर आणला. विमा नसलेल्यांनाही ती सवलत आहे, पण अटी आहेत. आईंच्या व्हिसावर ती लागू होते का, हे फार्मसीत आधी विचारून ठेवा.

मेडिक्लेम किंवा इन्कम टॅक्समध्ये पंपाचे पैसे मिळतात का?
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, साध्या मेडिक्लेममध्ये बहुधा नाही. ती पॉलिसी ॲडमिट झाल्यावरची असते, ओपीडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. महात्मा फुले योजनाही रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या पंपासाठी नाही. नवी पॉलिसी घेताना दमा लपवू नका. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे. लपवलात तर पुढे दावाच फेटाळला जाऊ शकतो.

टॅक्समध्ये मात्र तुमच्या उपयोगाचं काही आहे. वय साठच्या वर असेल, आरोग्य विमा नसेल आणि जुन्या करपद्धतीत असाल, तर कलम ८०डी (नव्या आयकर कायद्यात कलम १२६) खाली औषधोपचाराच्या खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पंप त्यात येतो. अट एकच, पैसे रोख द्यायचे नाहीत. यूपीआय, कार्ड किंवा चेकने द्या आणि नावाचं बिल घेऊन फाईलला लावा.