आई तांबडी, बाप गव्हाळ, मग कारवानीची पिल्लं राखेच्या रंगाची कशी? आणि रंग सांगायचा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: हुक्केरीकडे तुमची कारवानी (सडपातळ, शिकारी जातीची) कुत्री व्याली, सहा पिल्लं झाली, आज बारा दिवस झाले. दोन राखेच्या रंगाची, एकाच्या अंगावर पट्टे, तीन तोंडाला काळी आणि अंगानं मळकट. शेजारी म्हणतात गावठी कुत्रा लागला असणार, आणि घेणारे फोनवर रंग विचारतायत.

आमच्या घरी, बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी तालुक्यात, वडिलांच्या वेळेपासून ही कुत्री आहेत. आधी राखी पिल्लांचं सांगतो, कारण त्यांच्यामुळे उगाच आईवर आळ येतो. काळा रंग फिका करणारा एक गुण असतो. तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लात दिसतो, एकाकडूनच आला तर दबून राहतो आणि तसाच पुढच्या पिढीत जातो. दोघांच्या रक्तात तो दबलेला असेल तर साधारण चार पिल्लांत एक राखी, असा हिशेब बसतो. म्हणून दोन तांबड्या कुत्र्यांना राखी पिल्लं होणं यात काही वावगं नाही.

खरं राखी पिल्लू ओळखायचं नाकावरून. नाक, ओठ, पापण्यांची कड, सगळं पाटीच्या दगडासारखं करडं असतं, कारण अंगातला काळा रंग सगळीकडेच फिका झालेला असतो. अंग राखी आणि नाक कुळकुळीत काळं असेल तर ते राखी नव्हे, तो केसांच्या काळ्या टोकांचा खेळ. नाक विटकरी-तपकिरी असेल तर तो आणखी तिसराच प्रकार, त्याला आम्ही चॉकलेटी म्हणतो. पण जन्मतः बहुतेक पिल्लांचं नाक गुलाबीच असतं आणि हळूहळू भरतं, आणि डोळे उघडतात तेव्हा सगळ्यांचेच निळसर दिसतात. म्हणून बाराव्या दिवशी नाक-डोळ्यांचा रंग कुणाला कळवू नका.

आता ती तीन मळकट पिल्लं. इथे मी स्वतः चुकलोय. पहिल्यांदा पिल्लं द्यायला लागलो तेव्हा पाच दिवसांच्या पिल्लाचा रंग 'काळा' म्हणून निपाणीच्या एका माणसाला कळवला. दोन महिन्यांनी तो न्यायला आला, तर समोर गव्हाळ पिल्लू, फक्त तोंड काळं! पिल्लू बदललं असं त्याला वाटलं आणि तो रिकाम्या हातानं परत गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी पिल्लू उन्हात धरतो आणि पाठीवरचे केस बोटानं उलटे फिरवतो. टोक काळं आणि मूळ पिवळं निघालं तर ते मोठेपणी तांबडं किंवा गव्हाळ होणार, काजळी फक्त तोंडावर, कानांवर आणि कधी पाठीच्या कण्यावर उरणार. मुळापासून टोकापर्यंत काळं असेल तरच काळं म्हणा. कानामागचे आणि मांडीच्या आतले केसही बघा, पुढचा रंग तिथे लवकर दिसतो.

पट्ट्याच्या पिल्लाबद्दल मात्र शेजाऱ्यांची शंका अगदीच फेकून देऊ नका. पट्टे हे राखी रंगासारखे दबून राहत नाहीत, आई-बापापैकी एकाच्या अंगावर ते सहसा असतातच. पण कधी ते इतके अंधुक असतात, किंवा फक्त मांडीवर दोन-तीन रेघा, की घरच्यांनाही वर्षानुवर्षं दिसत नाहीत. आई आणि बाप दोघांना सकाळच्या तिरप्या उन्हात उभं करून कुशीवर आणि मांडीवर नीट बघा. दोघांवरही नसतीलच, तर दुसऱ्या कुत्र्याचा विचार करावा लागेल. एकाच खेपेत दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, आणि तसं असेल तर घेणाऱ्याला सांगणं हाच सरळ मार्ग.

सांगण्याची भाषा म्हणाल तर आपल्या भागात ती एक वेगळीच अडचण. गोकाककडचा माणूस 'केंपु' (कन्नडमध्ये लाल) म्हणतो तेव्हा त्यात विटेसारख्या लालपासून पिकल्या गव्हापर्यंत सगळं येतं. म्हणून नुसतं तांबडं किंवा केंपु म्हणून थांबू नका. आधी अंगाचा मूळ रंग, मग पट्टे किंवा मुखवटा (म्हणजे काळं तोंड), मग पांढरं कुठे आणि किती, शेवटी नाक. पांढऱ्यासाठी आपले बैल-घोड्यांचे शब्द छान चालतात: मोठे चट्टे असतील तर बांडं, कपाळावर ठिपका असेल तर चांद, चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. उदाहरणार्थ मी असं लिहितो: 'मादी, गव्हाळ, तोंड काळं, छातीवर चार बोटं पांढरं, पुढच्या दोन्ही पायांची बोटं पांढरी, शेपटीचं टोक पांढरं, नाक काळं.' पांढऱ्या भागावर जन्मानंतर काही आठवड्यांनी बारीक ठिपके उमटतात, तेव्हा 'शुभ्र' हा शब्द घाईनं वापरू नका.

राखी पिल्लांना 'दुर्मिळ निळा' म्हणून जास्त पैसे मागणारे आता बरेच झालेत. तुम्ही मागू नका, ही कळकळीची विनंती. अशा रंगाच्या काही कुत्र्यांच्या पाठीवरचे केस सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात विरळ होतात, कातडी कोरडी पडते. सगळ्यांचं होत नाही, पण घेणाऱ्याला आधी माहीत असावं. कारवानी बघायची ती छाती, कंबर आणि पाय यांवरून. रंगावर मी कधी भाव ठरवला नाही.

सहा आठवडे झाले की पिल्लं पुन्हा उन्हात बघा आणि मगच रंग पक्का सांगा. तोवर आई आणि बाप दोघांच्या कुशींचे सकाळच्या उन्हातले फोटो इथे टाका, पट्टे आहेत का ते बघून सांगतो.