सगळं आहे, पण मन लागत नाही

मानेवाड्याच्या बाई, तुझं पत्र वाचलं, दोनदा वाचलं. मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून तुला 'तू'च म्हणते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हिचं वय 47, मुलगा जुलैपासून पुण्याला इंजिनिअरिंगला, नवरा बुटीबोरीला कंपनीत, सकाळी सातला गेलेला रात्री आठला घरी. घर स्वतःचं, लोन फिटलं, भांडणतंटा नाही. अन् ही लिहिते, "मावशी, सगळं आहे पण कशातच मन लागत नाही, दिवस नुसता ढकलून राहिली मी. कोणी म्हणते हॉबी लाव, कोणी म्हणते ध्यान कर, बहीण म्हणते तुला सुख बोचते. माझ्या जगण्याला काय अर्थ आहे ते सांगा."

पहिले तर बहिणीचं बोलणं डोक्यातून काढ. सुखबिख काही बोचत नाही तुला. अठरा वर्षं ज्या पोराच्या डब्यावर, ट्यूशनवर, परीक्षेवर तुझं घड्याळ चाललं तो बॅग उचलून गेला, अन् चांगल्या कामासाठी गेला म्हणून तुला रडायचीही सोय राहिली नाही, सगळे अभिनंदनच करून राहिले. कोणी विचारलं का की बाई, आता तुझी दुपार कशी जाते?

आता अर्थाचं. तुझ्या पत्रात तीन पानं नुसती थकलेली आहेत, पण मधे चार-पाच ओळी अशा आहेत की तिथे तुझं अक्षरसुद्धा बदललं आहे. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी ती नर्सिंगची पोरगी, तिला तू एका संध्याकाळी पुडाची वडी शिकवलीस ते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुतला की कपड्यावर पसरून पार कोरडा होऊ द्यायचा, ओला राहिला तर वडी तेलात फुटते, पारीला आतून चिंचेचा कोळ अन् मसाला कसा लावायचा, खोबरं-खसखस किती भाजायची, सगळं लिहिलं आहेस, मी तर काही विचारलंही नव्हतं! अन् तिची तिसरी वडी फुटली नाही तेव्हा तुम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग लगेच पुढची ओळ, "पण ते तेवढंच, नंतर मूडच नाही आला." अन् त्याच्या आधीच्या पानावर, "दोघांसाठी कोण घाट घालते, कुकरमधे खिचडी टाकते."

मला तर वाटते बाई, तू घरात एकटी बसून ज्याचा विचार करून राहिली ते त्या संध्याकाळी तुझ्या किचनमधे होतं. तुझ्या हातात कला आहे अन् ती कोणालातरी हवी आहे, माणसाला जगायला हे पुरतं, पुष्कळांना तर एवढंही मिळत नाही. गडबड फक्त मूडची वाट पाहण्यात झाली. उदासीवर मानसोपचारवाले एक उपचार करतात, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात त्याला, 1970च्या दशकापासून वापरात आहे, त्यात क्रम उलटाच असतो: मन लागायची वाट नाही पाहायची, दिवस अन् वेळ ठरवून छोटं काम आधी करायचं, मन मागून येते. पहिल्या वेळेस नाहीही येणार, तरी पुढच्या वेळी ठरल्या दिवशी ते काम करायचंच.

सध्या थंडी आहे, सांबार भरपूर येतो. बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात जा, पायी जा, जुड्या स्वतः निवडून आण अन् त्या पोरीला सांग की रविवारी ये, यावेळी कढीही शिकवते. तिला ड्युटी असली तर शेजारणीला बोलाव. कोणीच नाही आलं तरी वड्या कर, अन् गरम दोन आधी स्वतः बसून खा, उभ्याने ओट्यापाशी नाही. पोरगा सुटीत आला की करीन म्हणून ठेवायचं नाही. हॉबी क्लासचे पैसे आत्ता भरू नको, ध्यान करावंसं वाटलं तर पुढे कर.

नवरा बोलत नाही म्हणतेस, पण हे सगळं तू त्याला सांगितलंस असं पत्रात कुठे दिसलं नाही. आज जेवताना सांग.

शेवटच्या पानावर तू एका ओळीत लिहून गेलीस की रात्री तीनला घामाने जाग येते अन् मग झोप नाही, तिथे मी थांबली. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय 46-47च्या आसपासच आहे, त्या आधीच्या दोन-चार वर्षांत झोप, घाम, उदास वाटणं हे पुष्कळ बायांना होते, अन् त्यावर इलाज आहे. थायरॉईड कमी पडलं किंवा रक्त कमी असलं, बी-12 कमी असलं तरी असंच गळून गेल्यासारखं वाटते. म्हणून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरला दाखव, या तपासण्या करायच्या का ते विचार. अन् उदासी दोन आठवडे रोजचीच असली, जेवणावरची वासना उडाली तर मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराच्या ओपीडीत जा, लाजायचं काही कारण नाही. नकोच हे जगणं असं एकदा जरी मनात आलं तर मात्र थांबू नको, त्याच क्षणी नवऱ्याला उठव अन् 14416 लाव, ती सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही चालू असते, मराठीत बोलतात. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.