हल्क मारामारी कधी करणार?

प्रश्न : २००३चा ‘हल्क’ (रागावला की हिरवा राक्षस होणाऱ्या सुपरहिरोचा सिनेमा) मुलासोबत पाहिला. मला भावला, मुलगा म्हणाला, “बाबा, हा मारामारी कधी करणार?” बरोबर कोण?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : मुलाची तक्रार रास्त आहे हो! दिग्दर्शक अँग ली यांनी सुपरहिरोच्या नावाखाली बाप-लेकाचं भांडण मांडलं. पडद्याचे कॉमिकसारखे चौकोन पाडले, हल्कच्या हालचालींसाठी मोशन कॅप्चरचा (माणसाच्या हालचाली टिपून संगणकावरच्या पात्राला देण्याच्या तंत्राचा) पोशाख स्वतः चढवला. एवढा जीव ओतलेला सिनेमा मला तरी आवडतो. शेवटची झटापट मात्र अंधारात काही म्हणता काही कळत नाही. वाशीच्या थिएटरात माझ्या शेजाऱ्याने तिथेच वेफर्स संपवून चपला शोधायला घेतल्या होत्या. मुलाला वाळवंटातला प्रसंग पुन्हा लावून द्या. हल्क रणगाडा नळीला धरून गरगर फिरवतो आणि भिरकावतो.