टिकली काढू नका, शब्द मात्र लक्षात ठेवा

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत टिकली लावून, मंगळसूत्र घालून फिरता येईल का, आणि कुणी त्रास दिलाच तर कायदा कामी येतो का, असं विचारलंय तुम्ही. फिरता येतं. सोळा वर्षं मी इथे टिकली लावूनच ऑफिसला जातेय.

कायद्याचं जरा सविस्तर सांगते. १९८७ मध्ये याच शहरात ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळी भारतीयांच्या मागे लागली होती. डॉट म्हणजे आपली टिकली. त्यांचं धमकीचं पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या पारशी तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो काही दिवसांत गेला. आरोपींना शिक्षा झाली ती मारहाणीची, खुनाची नाही. हे वाचलं की आजही पोटात कालवतं. लोक रस्त्यावर उतरले, आणि १९९० मध्ये न्यू जर्सीत वंशद्वेषी गुन्ह्यांचा कायदा आला. आता द्वेषापोटी केलेली दमदाटी हा इथे वेगळा गुन्हा आहे, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा सहसा एक पायरी वरचा.

पण नुसतं ‘परत जा’ ओरडणं हा गुन्हा नाही. त्याला मारहाण, तोडफोड, धमकी असं कृत्य जोडलेलं लागतं. तिथे मग तेच शब्द पुरावा ठरतात. २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय इंजिनियरला गोळ्या घालणारा ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडला होता. राज्याच्या खटल्यात जन्मठेप झालीच. शिवाय केंद्रीय कायद्याखाली द्वेषाचा गुन्हा लागून २०१८ मध्ये आणखी तीन जन्मठेपा झाल्या. तरी त्यानंतर कित्येक महिने आमच्यातली बरीच मंडळी ट्रेनमध्ये मराठी बोलताना आवाज खाली आणत होती.

एकाने माझ्या गाडीचा आरसा फोडला तेव्हा तो जे बोलला, ते मी लाजेने पोलिसांना सांगितलंच नाही. रिपोर्टात नुसती ‘तोडफोड’ लागली. तिसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. काउंटरवरचा म्हणाला, आता कशाला? मी हटले नाही, ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले.

तुमच्यावर वेळ आलीच, तर ९११ (तातडीच्या मदतीचा नंबर) लावा, ऐकलेलं तिथल्या तिथे फोनमध्ये टिपा, रिपोर्टचा नंबर मागून घ्या.

आणि टिकल्यांची पाकिटं बॅगेत कोंबू नका. इथल्या न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत सगळी मिळतात.