सीएमएल झालाय? गोळीबद्दल आणि आकड्यांबद्दल थोडं

प्रिय दोस्ता,

तुझ्या रिपोर्टवर ‘सीएमएल, क्रॉनिक फेज’ असं आलंय. सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, पांढऱ्या पेशींचा ब्लड कॅन्सर; क्रॉनिक फेज म्हणजे त्याचा सुरुवातीचा, संथ टप्पा. ब्लड कॅन्सर म्हटलं की घरातल्यांचा धीर सुटतो. पण रक्ताचे कॅन्सर अनेक, आणि एकाचं भाकीत दुसऱ्याला लागू पडत नाही. अक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये, दिवस मोजून उपचार सुरू करावे लागतात. तुझा आजार सावकाश चालणारा आहे आणि त्यावर नेमकं औषध आहे.

अस्थिमज्जेतल्या एका पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली. आखूड झालेलं २२ वं गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात सापडलं, म्हणून नाव फिलाडेल्फिया क्रोमोसोम. या जोडातून बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं आणि पेशींना वाढतच ठेवतं. तुझी गोळी, इमॅटिनिब, नेमकं त्यालाच अडवते. हा दोष आईवडिलांकडून आलेला नाही आणि तुझ्यापासून कुणाला लागणारही नाही.

गोळी सहसा ४०० मिलिग्रॅमची. रोज एकदा, जेवणासोबत, मोठा पेलाभर पाणी पिऊन घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. डोळ्यांभोवती सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात. हे डॉक्टरांना सांग, पण मनाने गोळी बंद करू नकोस. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

खरी फसगत होते ती बरं वाटायला लागल्यावर. काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी उतरतात, सुजलेली पानथरी (प्लीहा) आक्रसते, सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट नॉर्मल येतो. मग गावी जाताना पाकीट घरी राहतं, सणात दोन दिवस चुकतात. महिन्यात तीनाहून जास्त गोळ्या चुकत गेल्या, तर आजार खोलवर दबण्याची शक्यता बरीच घटते. सीबीसीला हे कळत नाही. ते कळतं दर तीन महिन्यांच्या बीसीआर-एबीएल पीसीआरमध्ये, म्हणजे रक्तात या दोषाचा अंश किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीत. तिसऱ्या महिन्यात आकडा १० टक्क्यांपर्यंत, सहाव्यात १ आणि बाराव्यात ०.१ टक्क्यापर्यंत यायला हवा. रिपोर्टवर ‘इंटरनॅशनल स्केल’ (हा आकडा मोजायचं जगभर एकच ठरलेलं माप) लिहिलंय ना बघ, आणि लॅब बदलू नकोस. आकडा चढला तर डॉक्टर आधी चुकलेल्या गोळ्यांचं विचारतील, खरं सांग. गोळ्या नीट घेऊनही चढला असेल तर म्युटेशनची, म्हणजे गोळीला दाद न देणाऱ्या जनुकीय बदलाची, तपासणी करतात आणि डॅसाटिनिब, निलोटिनिबसारखं दुसरं औषध निवडतात.

टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन इमॅटिनिबचा असर कमी करतात. ग्रेपफ्रूट उलट रक्तातलं प्रमाण वाढवतं. पपनस त्याच कुळातलं, तेही टाळ. काढे-भस्मं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

पैशाची काळजी असेल तर जेनेरिक इमॅटिनिबबद्दल विचार. १ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारलं, त्यामुळे स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. पण ब्रँड बदलायचा तो डॉक्टरांना सांगूनच. आणि पाकिटात पंधरा गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणून ठेव.