गरोदरपणात पिंपल्सवर कोणतं औषध चालतं? तिसरा महिना आहे, आधी अॅडापलिन जेल लावत होते.

अॅडापलिन आजपासून बंद करा. ते रेटिनॉइड आहे, म्हणजे व्हिटॅमिन ए सारख्या औषधांच्या गटातलं, आणि हा गट गरोदरपणात टाळतात. त्वचेतून रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे आतापर्यंत लावलं म्हणून घाबरून जाऊ नका. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तेवढं सांगा.

याच गटातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. त्यांनी बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं. घरात जुनी पाकिटं उरली असतील तर चुकूनही घेऊ नका. डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिक्सही नकोत, बाळाचे दात कायमचे डागळू शकतात.

चालतं काय? अॅझेलेइक अॅसिड, माझ्या मते सुरुवात यानेच करावी. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं, थोड्या भागावर. क्लिंडामायसिन जेल डॉक्टरांनी दिलं तर. सॅलिसिलिक अॅसिडचा २ टक्क्यांपर्यंतचा फेसवॉश ठीक, पण त्याचं पील (त्वचेचा वरचा थर काढणारा उपचार) नको.

आणि कळकळीने सांगते, मेडिकलवाल्याने सुचवलेली ‘गोरं करणारी’ क्रीम लावू नका. अशा कित्येक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने पिंपल्स उलट वाढतात. हार्मोन्समुळे आलेले पिंपल्स बाळंतपणानंतर बहुतेकींचे कमी होतात. गाठी दुखत असतील, व्रण पडत असतील तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि गरोदर असल्याचं आधी सांगा.